नाव ठमीचं, रक्त ताईचं

रविवारी दुपारी घरची लॉन्ड्री बंद असते, म्हणून या घरातले सगळे मोठे निर्णय रविवारी दुपारीच होतात. दादाचं लग्न असंच ठरलं, आईला चाकाची खुर्ची आणायची हेही असंच ठरलं, आणि मामाला सिगारेट सोडायला लावायचा ठराव तर किती वेळा झाला आणि किती वेळा बारगळला त्याला गणतीच नाही. आज ठमीचं काय करायचं ते ठरणार होतं. आणि ठमी तोंडात गुळणी धरून बसली होती.

"उठू नको, उठू नको, मी देते," वहिनी म्हणाली. ठमी उठत नव्हतीच. तिने फक्त पाण्याच्या भांड्याकडे बघितलं होतं.

गुरुवारपासून हे असंच चाललं होतं. बुधवारपर्यंत "ठमे, लोळत काय पडलीस, हॉटेलच्या चादरी कोण मोजणार?" म्हणून अंगावर येणारी हीच माणसं आता तिच्याशी अशी बोलत होती की जणू जोरात बोललं तर ती तडकेल. मामाने आपली गादीची खुर्ची तिला दिली. ती खुर्ची मामा कुणाच्या बापाला देत नसे, अगदी ठमीच्या बापालाही नाही. बाबांनी तिच्या हातातली इस्त्री काढून घेतली आणि काही न बोलता स्वतःच कॉलर दाबत उभे राहिले. दादा तर दर थोड्या वेळाने तिच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि डोळे पुसत बाहेर जायचा. ठमीला रडूही येत होतं आणि हसूही येत होतं, आणि ओरडून सांगावंसंही वाटत होतं की अरे बाबांनो, चुकीच्या माणसाचे लाड करताय तुम्ही.

ज्या माणसाचे लाड व्हायला हवे होते, ती ताई समोर बसून उशीच्या अभ्र्याला बटण लावत होती. गुरुवारपासून तिने ठमीकडे एकदाही धड बघितलं नव्हतं.

आजार आईच्या माहेरचा. चाळिशीच्या आगेमागे आधी पाय ऐकेनासे होतात, मग हात, मग जीभ. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख. आईचे वडील भरदुपारी भिंती धरत घरी यायचे, तेव्हा शेजारीपाजारी म्हणायचे, आज पुन्हा ढोसून आले. त्या माणसाने जन्मात दारूला हात लावला नव्हता. मग आईला झाला. आई-बापांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलाला निम्मी निम्मी शक्यता, हे तिन्ही भावंडांना पाढ्यासारखं पाठ होतं. दादाने तपासून घेतलं आणि तो सुटला. सुटल्याच्या दिवशी तो जेवला नाही, आणि तेव्हापासून बहिणींचं काहीही असो, कंबर कसून सगळ्यात पुढे उभा. संशोधन केंद्राची माणसं घरी आली, त्या पहिल्याच दिवशी ताईने त्यांना हात जोडले होते. "मला जाणून घ्यायचं नाही. तुमच्या संशोधनासाठी माझं रक्तही नको घ्यायला." ठमीने मधला रस्ता काढला होता. रक्त घ्या, अभ्यास करा, मला मात्र विचारल्याशिवाय काही सांगू नका.

म्हणून संशोधन केंद्राची बाई दरवर्षी आईचं आणि ठमीचं रक्त न्यायला घरी यायची. आणि गेल्या आठवड्यात केंद्रातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला की एका नव्या औषधाची चाचणी सुरू होतेय, ठमीला आता जाणून घ्यायचं असेल तर तिने येऊन बोलावं. घरात दोन दिवस काथ्याकूट झाला. ठमी म्हणाली, बरं, जाऊन येते. दादा बरोबर गेला. त्याला कोण अडवणार?

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. घाईत नव्हत्या. सांगू का, म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं आणि मगच सांगितलं. "तुमच्यात तो दोष आहे. शिवाय दुसरी एक गोष्ट आम्ही रक्तात मोजतो. नसांच्या आत बारीक तंतू असतात. नस झिजायला लागली की त्यांचा चुरा रक्तात उतरतो. पाऊल अडखळायच्या बऱ्याच आधी उतरतो. तुमच्या रक्तात तो दरवर्षी वाढतोय."

दादाला पटकन कळलं. लॉन्ड्रीवाल्याचा मुलगा तो. "म्हणजे ड्रायरच्या जाळीसारखं. चादर वरून धड दिसते, पण जाळीत तंतू जास्त यायला लागले की समजायचं, विरायला लागली."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. "चांगली गोष्ट एवढीच, की हे औषध अशाच लोकांसाठी आहे. चुरा वाढलाय, पण लक्षण एकही नाही. एकदा चालण्यात फरक दिसला की आम्हाला घेता येत नाही. औषधाने थांबेलच असं मी म्हणणार नाही. लांबेल, अशी आशा आहे. मंगळवारी या, पुन्हा रक्त घेऊ आणि मग ठरवू."

त्या 'पुन्हा' शब्दापाशी ठमी अडली. पुन्हा कुठलं? तिचं रक्त कुणी घेतलंच कधी होतं? आणि एका क्षणात तिला सगळं आठवलं. इस्त्रीच्या टेबलाजवळची खुर्ची, कोपरापर्यंत वर केलेली बाही, आणि बाहीतून पुढे केलेला ताईचा हात.

आता यात लपवाछपवी म्हणाल तर काडीची नव्हती. या घरात कुणाची शिफ्ट कुणीही करतं. माझ्याऐवजी तू बॉयलर बघ, तुझ्याऐवजी मी हॉटेलात जाऊन येते. गिऱ्हाईक "कालच्या ताई कुठायत?" म्हणालं तर "मीच ती" म्हणून मोकळं व्हायचं. दोघी बहिणी दिसायलाही एका साच्यातल्या. पहिल्या वर्षी सुई बघूनच ठमी कोसळली होती, टेबलाच्या कडेवर कपाळ फुटलं होतं, आणि रक्त गेलं ते सगळं फरशीवर. पुढच्या वेळी बाई नवीन आली. ठमी चादरीची गाठोडी घेऊन पळाली आणि जाताना म्हणाली, "ताई, माझी शिफ्ट कर ना!" ताईने बाही वर केली. नाव विचारलं तर ठमीचं सांगितलं. मग तोच शिरस्ता पडला. रक्त कुणाचंही असलं तरी कुणाला सांगायचं नाहीच आहे, केंद्राचं काम होतंय, पोरीचं कपाळ वाचतंय, असा हिशेब. बदललेली शिफ्ट कोण लक्षात ठेवतं? ठमी साफ विसरून गेली होती.

तिथेच बोलायला हवं होतं. पण तोवर दादा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागला होता आणि डॉक्टरीणबाई त्याला पाणी देत होत्या. घरी आल्यावर बोलायला हवं होतं. पण दादाने दारातूनच सगळ्यांना सांगून टाकलं. ताई तेव्हा इस्त्रीवर होती. "रक्तात चुरा वाढलाय, दरवर्षी वाढतोय," असं दादा म्हणाला आणि जळका वास सुटला. ताईने हॉटेलचा अभ्रा जाळला होता. तिने इस्त्री उचलली, ठमीकडे एकदाच बघितलं, आणि अभ्र्याचं भोक हाताने झाकलं.

"मी खाली बॉयलर बघून येते," ताई आता म्हणाली आणि बटण अर्धवट सोडून उठली.

रविवारी कसला आलाय बॉयलर? ठमी पाठोपाठ उठली.

"अगं, जिन्यावरून एकटी..." वहिनीने सुरुवात केली.

"वहिनी, मी बुधवारी याच जिन्यावरून गाठोडी घेऊन उतरले," ठमी म्हणाली आणि उतरली.

खाली मशीन गप्प होत्या. साबणाचा आणि कोमट कापडाचा वास तेवढा होता. ताई खिडकीपाशी टॉवेलांची थप्पी सरळ करत होती. थप्पी आधीच सरळ होती.

"ताई."

"हळू बोल. वर ऐकू जातं."

"ते तुझं आहे."

"माहितीये." ताईने एक टॉवेल उचलून पुन्हा तिथेच ठेवला. "दादा बोलला तेव्हाच कळलं. इतकी वर्षं इस्त्री करते, कधी डाग पाडला नव्हता बघ."

"मग तू बोलली का नाहीस? मी गेले तीन दिवस वर खुर्चीत बसून..."

"तू तरी कुठे बोललीस?"

ठमी ड्रायरला टेकून उभी राहिली. ताईने सगळं ठरवून ठेवलं होतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. ताई ठरवून बोलायला लागली की तिचा आवाज गिऱ्हाइकाशी बोलताना असतो तसा गोड आणि ठाम होतो.

"हे बघ. मंगळवारी ते तुझं रक्त घेतील. खरं तुझं. ते स्वच्छ येईल."

"कशावरून?"

"येईल. यायलाच पाहिजे. मग ते म्हणतील, आधी नळ्यांची अदलाबदल झाली असणार. दादा आनंदाने वेडा होईल, सगळ्या गल्लीला चहा पाजेल. विषय संपला."

"आणि तू?"

"मी गेल्या आठवड्यात होते तिथेच. मला काही माहीत नाही."

"तुला माहितीये, ताई!"

"तू गप्प बसलीस तर नाहीये."

ठमीला वाटलं, हिला धरून गदागदा हलवावं. इतकी शहाणी बाई, सगळ्या गिऱ्हाइकांचे हिशेब तोंडपाठ, आणि असं पोरासारखं काय बोलते? "ते औषध तुझं आहे," ती म्हणाली. "पाऊल चुकायला लागलं की घेत नाहीत. दार बंद होतं. मग तू रडलीस तरी उघडणार नाहीत."

"होऊ दे बंद."

"असं कसं होऊ दे?"

ताईने टॉवेल सोडले. खिडकीतून समोरचं चष्म्याचं दुकान दिसत होतं. शटर अर्धं खाली. "बुधवारी मी त्याला हो म्हटलं," ती म्हणाली.

ठमीला क्षणभर कळेचना. मग कळलं आणि ती सगळं विसरून किंचाळली, "चष्मेवाल्याला?"

"हळू!"

चष्मेवाला ताईला लग्नाचं विचारायचा, याला जमाना झाला होता. दरवेळी ताई म्हणायची, आईचं बघायचंय, धाकटीचं व्हायचंय, बॉयलर बदलायचाय. तोही भला माणूस, हं म्हणायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचा. मग त्याने विचारणं सोडलं. दुकानाचे पडदे मात्र तो दर आठवड्याला धुवायला आणायचा. जगात कुणाचे पडदे दर आठवड्याला मळतात?

"या वेळी त्याने विचारलंही नव्हतं," ताई म्हणाली. तिचा गिऱ्हाइकाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मी पडदे द्यायला गेले. तो मान खाली घालून एक काच पुसत होता, आपल्याच नादात. आणि मला वाटलं, मला हा रोज समोर हवाय. सकाळी उठल्यावर हवाय. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, कशाला हो? मी म्हटलं, बावळटा, तू इतकी वर्षं विचारत होतास त्याला." ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. "बुधवारी संध्याकाळची गोष्ट आहे ही, ठमे. आणि गुरुवारी दुपारी दादा तुला घेऊन आला."

ठमीने तिचा हात धरला. तो तिने सोडवला नाही.

"मला एक वर्ष हवंय," ताई म्हणाली. "आजारी नसलेलं. त्याच्या घरात मी इकडून तिकडे जातेय आणि माझ्या पायांकडे कुणीही बघत नाहीये, असं. आपण आईचं काय केलं, आठवतंय ना? तिने कप उचलला की सगळ्यांच्या नजरा कपावर. अजून काही सांडलंही नव्हतं तेव्हापासून. ती बिचारी चहा प्यायचीच बंद झाली आपल्यासमोर."

"त्याला काय सांगणार?"

"त्याला आईचं माहितीये. निम्मी शक्यता त्याने धरलीये. निम्मी धरून माणूस मजेत राहतो गं. मी इतकी वर्षं राहिलेच की." तिने ठमीचा हात दाबला. "मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय? सांग. एकच मागतेय. गप्प बस."

नव्हतंच मागितलं कधी. आईचे हात कामातून गेले तेव्हा ठमी शाळेत जात होती. वेण्या ताईने घातल्या, ताप आला तर उशाशी ताई, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला जाताना ब्लाऊजला इस्त्री ताईची, आणि नोकरी सोडून परत आली तेव्हा "बरं झालं, माणूस कमीच होतं" म्हणणारीही ताईच. ठमीला वाटलं, हो म्हणावं आणि हिच्या कुशीत शिरावं, आणि पुढच्या बुधवारी, त्याच्या पुढच्या बुधवारी, सगळं होतं तसंच असावं. तिला ते फार हवं होतं.

"चहा झालाय!" वरून मामाची हाक आली. "खाली काय शिजतंय तुमचं?"

वर दादा तयारीतच होता. त्याने टेबलाच्या टोकाची जागा घेतली होती. ताई किटली घेऊन कपांत चहा ओतायला लागली. आईची खुर्ची टेबलाशी आणलेली होती. आईने डोळे मिटले होते, पण ती झोपलेली नसते हे सगळ्यांना माहीत असतं.

"मंगळवारी मी सुट्टी टाकलीये," दादा म्हणाला. "मी ठमीला घेऊन जातो. औषध सुरू झालं की तिने खालचं काम बंद करायचं. वाफेत उभं राहायचं नाही, ओझं उचलायचं नाही. माझ्याकडे राहायला आली तर उत्तमच."

"तुझ्याकडे कशाला?" बाबा म्हणाले. "तिला घर नाही?"

"बाबा, तुमच्याकडे आई आहे. तुम्ही किती जणांचं करणार?"

"माझ्या हिशेबाने तिने कुठंच जाऊ नये आणि काहीच करू नये," मामा म्हणाला. आईचा हा धाकटा भाऊ साठी ओलांडून टुणटुणीत होता, पण तपासणीच्या वाटेला कधी गेला नव्हता. "कळून काय झालं? पोरगी चांगली हसत-खेळत होती, आता सुतकी चेहरा करून बसलीये. मला कुणी सांगितलं असतं की तुझं असं होणार, तर मी भीतीनेच मेलो असतो."

"मामा, तुला झालं नाही म्हणून तू असं बोलतोस."

"आणि तू सुटलास म्हणून तू असा बोलतोस."

दादाचा चेहरा उतरला. मामालाही आपण जास्त बोललो हे कळलं. तो कपात बघायला लागला. मध्ये पडली ती वहिनी, आणि तीही भलत्याच बाजूने. "अहो, मामा म्हणतात त्यात चूक काय आहे? तुम्ही सगळे ठरवताय. तिला कुणी विचारलंय का? जायचंय का तिला?"

"आता तू पण?" दादा म्हणाला. "जागा मोजक्या आहेत! ही नाही गेली तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाईल. एकदा पाय डळमळला की संपलं. मग आपण इथंच बसून बघत राहायचं का? आईचं बघितलं तसं?"

"औषध आहे तर घ्यायचं," बाबा म्हणाले. त्यांचं म्हणणं नेहमी एका वाक्याचं असतं. ते म्हणून झालं की ते आईच्या अंगावरची शाल नीट करतात. तशी त्यांनी केली.

ताई शेवटचा कप भरत होती. चहाची धार सरळ कपात पडत होती. एक थेंब इकडेतिकडे नाही. ठमी ती धार बघत होती, ताईचं मनगट बघत होती, किटली खाली ठेवताना बोटं कशी सुटतात ते बघत होती. आणि एकदम तिच्या लक्षात आलं की आपण काय करतोय. तिने नजर वर केली. ताई तिच्याचकडे बघत होती. ताईने पकडलं होतं तिला. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. नुसतं, "बघ, तू पण?" असं होतं.

मग गप्प बसून मिळणार काय होतं? ते वर्ष ठमी तिला देऊच शकत नव्हती.

"ते रक्त माझं नाही," ठमी म्हणाली.

"काय?" दादा म्हणाला.

"माझं रक्त कधी घेतलंच नाही कुणी. मी पळून जायचे. ताई द्यायची, माझ्या नावाने."

सगळ्यात आधी वहिनीला कळलं. तिने तोंडावर हात ठेवला आणि ताईकडे बघितलं. मग मामाने बघितलं. बाबांचा शाल नीट करणारा हात तिथेच थांबला. दादा मात्र कपाळाला आठ्या घालून हिशेब मांडत राहिला, आणि तो सुटल्यावर म्हणाला, "म्हणजे केंद्राची चूक नाही."

"नाही. आमची आहे."

ताईने किटली बाजूला सरकवली. "झालं समाधान?" ती ठमीला म्हणाली. "एक गोष्ट मागितली होती मी तुझ्याकडे. आख्ख्या जन्मात एक."

"मला नाही जमलं."

"का नाही जमलं?"

"मला तू हवीस म्हणून!" ठमी ओरडली. तिला वाटलं होतं आपण शांतपणे बोलू, पण नाही जमलं तेही. "म्हातारी झालेली हवीस. माझ्यावर खेकसणारी, चादरी नीट वाळत घातल्या नाहीत म्हणून माझ्यामागे जिना चढून येणारी. मी तुझ्याशिवाय कधी राहिलेच नाहीये, मला येतच नाही ते. माझं रक्त कसंही येऊ दे. पण त्या जागेवर तू जायचंस. ती तुझी शिफ्ट आहे, ती मी नाही करू शकत!"

दादा उठला आणि त्याने ताईसाठी खुर्ची ओढली. "ताई, तू आधी बस. उभी राहू नकोस."

"खबरदार बाळ्या!" ताई कडाडली. सगळ्यांचा दादा असला तरी ताईचा तो अजून बाळ्याच होता. "मगाशी मी सहा माणसांचा चहा ओतला तेव्हा नाही सुचली ती खुर्ची!"

दादा खुर्ची धरून तसाच उभा राहिला. तेवढ्यात आईने डोळे उघडले आणि बाबांनी हात वर केला. आई बोलणार असली की ते हात वर करतात. आईचं बोलणं आता शब्दाशब्दाला अडायचं, एक शब्द लांबायचा, दुसरा सांडायचा, आणि दादा दर वेळी घाईने तिचं वाक्य पुरं करून टाकायचा. आज त्याने तोंड मिटून ठेवलं.

"मी पण," आई म्हणाली. बराच वेळ गेला. "मी पण नको म्हटलं होतं. बघायचंच नाही म्हटलं."

ताई तिच्याकडे वळली.

"माझं ते शेवटचं वर्ष. धडधाकट." आईने श्वास घेतला. "कुठलं होतं, मला माहीतच नाही. मी काय केलं त्यात? काही आठवत नाही. असंच गेलं. गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचे. कंटाळा यायचा मला." तिच्या मानेला हेलकावे बसत होते आणि ती त्यांच्यातून ताईकडे बघत होती. "ते वर्ष मला हवं असतं. रोज. सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच. एकदा वर जाऊन यायचंय. माझ्या पायांनी. आणि मला कुणी विचारलं नाही गं. औषध नव्हतंच. विचारलं असतं तर मी पळत गेले असते."

एवढं बोलायला तिला इतका वेळ लागला की चहावर साय आली. बाबांनी शालीच्या टोकाने तिची हनुवटी पुसली. ते कुणाकडेच बघत नव्हते. ताई खाली बसली, दादाने ओढलेल्या खुर्चीत नाही, आईच्या पायांशी जमिनीवर, आणि तिने आईच्या मांडीवर कपाळ टेकलं. तिचे खांदे हलत होते. ठमीला तिथे जायचं होतं, पण ती जागची हलली नाही. ती दोघींची गोष्ट होती.

मग ताईने तोंड पुसलं. "मंगळवारी किती वाजता?" तिने विचारलं.

"सकाळीच," वहिनी म्हणाली. "आधी सगळं खरं खरं सांगावं लागेल त्यांना. रागावतील."

"रागावू देत. मीही रागावलेच आहे." ताई उठली. "ठमी पण येईल. तिचं अजून बघायचंच आहे."

गुरुवारपासून ठमीला मरणाच्या दारात नेऊन बसवलेल्या त्या सगळ्यांनी आता चमकून तिच्याकडे बघितलं. ती वाचलीये की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ठमीलाही नव्हतं. तो विचार तिने मंगळवारवर टाकला.

"आणि एक," ताई म्हणाली. "या घरात माझ्या पायांकडे कुणी बघायचं नाही."

"मग बघायचं कुठे?" मामाने विचारलं. त्याचा आवाज फुटला होता, पण खोड जाईना.

"तोंडाकडे बघ, मामा. एवढं काही वाईट नाहीये."

मामा हसला, मग वहिनी हसली, आणि दादा त्या दोघांवर चिडता चिडता रडायला लागला. त्या गडबडीत ताईने चपला घातल्या.

"कुठे?" बाबांनी विचारलं.

"समोर. त्याला सांगून येते." सगळ्यांना कळलं नाही, बाबांना कळलं. पडद्यांची पावती तेच करायचे.

"मी येऊ?" ठमी म्हणाली.

"नको."

"तो काय म्हणेल गं?"

"मला माहीत नाही," ताई म्हणाली. तिने केसांवरून हात फिरवला, दाराच्या काचेत एकदा स्वतःला बघितलं, आणि ती जिना उतरली.

ठमी गॅलरीत धावली. ताई खालच्या दारातून बाहेर आली, रस्त्याच्या कडेला थांबली, दोन्हीकडे बघून निघाली. अर्ध्या रस्त्यात ती थबकली आणि तिने मान वर केली.

"ठमे! आत हो."

"मी काही तुझ्या पायांकडे..."

"ठमे."

ठमीने पाठ फिरवली. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, हातांची घट्ट घडी घालून. मागे रस्त्यावर ताईच्या चपला वाजायला लागल्या. नेहमीसारख्याच वाजत होत्या, एका लयीत. ठमीला वळून बघायचं होतं. जन्मात कधी काही बघावंसं वाटलं नव्हतं इतकं तिला ते बघावंसं वाटत होतं. मग शटर वर गेल्याचा आवाज आला, आणि चपला थांबल्या. तरी ती भिंतीकडेच तोंड करून उभी राहिली.